झंपराचं भाडं

कोंडाबाईच्या दारावर पाटी लागली आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते मिठाई मागत. धोतराचा सोगा हातात, चष्मा कपाळावर, असे एक गृहस्थ दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पावशेर कुंदा द्या. ताजा हाय न्हवं?"

कोंडाबाई मशीनवरून उठली, बाहेर आली, एकदा पाटीकडं बघितलं, एकदा गृहस्थाकडं. वाचायला तिला जेमतेम यायचं, पण एवढं आलं. तिच्या लेकानं, धर्मराजनं, पाटीवर वर मराठीत आणि खाली कन्नडात रंगवून घेतलं होतं : 'कुंदा वस्त्र भांडार. गरोदरपणाचे कपडे भाड्याने मिळतील.' गृहस्थ पहिल्या शब्दाशीच थांबले होते. पुढचं वाचलं तेव्हा असे काही लाजले की चप्पल एक घातली न घातली आणि सुटले.

"अरं, ही कुंदा कोण?" इतवारी धर्मराज बेळगावहून आला तेव्हा तिनं विचारलं. "माझं नाव कोंडाबाई हाय."

"कोंडाबाई हे काय दुकानाचं नाव झालं व्हय, आई?" तो म्हणाला. "लोकं हसतील."

कोंडाबाई परत मशीनवर जाऊन बसली. राग आला, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. त्या नावानं तिला जन्मभर छळलं होतं. तिच्या आईची, गंगव्वाची, आधीची तीन पोरं पाळण्यातच गेली. ही चौथी झाली तेव्हा गंगव्वानं काय केलं, तर तान्ही पोर पाटलाच्या दारात नेऊन ठेवली, तिच्या बदली सूपभर कोंडा घेतला आणि मग पोर उचलून घरी आणली. कोंड्यावर विकलेली पोर कुणाला हवी असणार? मरणसुद्धा तिच्याकडं ढुंकून बघत नाही म्हणे. पोर जगली, नाव कोंडाबाई पडलं. पुढं निपाणीत तंबाखूच्या वखारीत मुकादम हजेरी घेताना मुद्दाम दोनदा ओरडायचा, "कोंडा! कोंडा आला का?" आणि शंभर बाया खिदळायच्या.

वखारीच्या धुळीनं छाती भरली तेव्हा कोंडाबाईनं ते काम सोडलं आणि शिलाई मशीन घेतली. दोन्ही लेकी नांदायला गेल्या होत्या, नवरा मायाप्पा वारून आठ वर्षं झाली होती. धर्मराज बेळगावात कारकून. ब्याऐंशी साली त्याच्या डोक्यात हे खूळ आलं. तिथल्या शहापुरात एका दुकानात नवरदेवाचा कोट आणि फेटा भाड्यानं मिळतो हे त्यानं बघितलं. त्याच्या ऑफिसातली एक बाई सातव्या महिन्यात झंपराला पिना लावून यायची तेही बघितलं. दोन्ही एकत्र केलं आणि आईपुढं मांडलं. "चार महिन्यांसाठी कोण नवं शिवतंय? आपण ढगळ झंपर शिवायचं, भाड्यानं द्यायचं. बाळंत झाली की परत."

कोंडाबाईचा हात मशीनच्या चाकावरच थांबला. "म्हंजे एकीचं उतरलेलं दुसरीनं घालायचं?"

तिचं विचारणं उगीच नव्हतं. सत्तावन्न साली सगळ्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली, त्या संध्याकाळी मायाप्पानं घरातली भाकरी मागायची टोपली चुलीत घातली होती आणि बायकोला बजावलं होतं, "आजपासनं मागायचं न्हाय. आणि कुणाचं उतरलेलं अंगाला लावायचं न्हाय." त्या शपथेवर तिनं तीन पोरं वाढवली. ठिगळाचं घातलं, पण आपलं घातलं.

"भाडं दिलं की ते उतरलेलं ऱ्हात न्हाय," धर्मराज म्हणाला. "भाडं देणारी ताठ मानंनं नेती. देणारा मोठा न्हाय, घेणारा ल्हान न्हाय."

हे तिला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा आवडलं. दहाबारा झंपर शिवले. पुढून बटणं, दोन्ही कुशींना आत मुडपून ठेवलेलं जास्तीचं कापड, महिना वाढेल तसं उसवून ढिलं करायला. दवाखान्यासाठी दोन गाऊन शिवले. डोहाळजेवणासाठी एक हिरवी साडी आणून ठेवली. पण सगळ्यात पहिला झंपर तिनं माप बसतंय का बघायला आपल्याच जुन्या पातळाचा शिवला होता. पांढऱ्यावर हिरवे ठिपके, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. तो तिनं दाखवायलाही काढला नव्हता. आणि बाया नेमका तोच उचलायच्या!

आता धंदा म्हटला की गिऱ्हाईक कोण ते तरी कळावं. इथं तेही कळेना. जी यायची ती म्हणायची, "माझ्यासाठी न्हाय हं, नणंदेसाठी." नणंदेचं माप म्हणून स्वतःच्या अंगाला लावून बघायची. शेजारच्या शालूबाई मास्तरीण तर चष्मा पुसत म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणीला हवाय," आणि सोमवारी तोच झंपर घालून फळ्यापुढं उभ्या. चौथा महिना सरल्याशिवाय बोलायचं नाही, दृष्ट लागते, ही भीती शिकलेल्या बाईलाही. कोंडाबाई कपाळाला हात लावायची. भाडं वेळेवर यायचं, पण कपडे घालणाऱ्या बायका सगळ्या निपाणीच्या बाहेरच्या नणंदा!

आणि कपडे परत यायचे तेव्हा आणखी एक गोंधळ. बाहीत काहीतरी गाठ मारलेली असायची. एकीत मूठभर तांदूळ, एकीत हळकुंड, शालूबाईंच्या झंपरात चक्क खोबऱ्याची वाटी.

"हे काय ओ, बाई?"

"असू द्या हो," शालूबाई तुटकपणे म्हणाल्या. कडेवर दीड महिन्याचं बाळ होतं. "लेकुरवाळं वस्त्र रिकामं परत देऊ नये म्हणतात. माझा नाही विश्वास. सासूबाईंचा आहे."

"आणि भाडं?"

"ते वेगळं दिलंय ना!"

भाडं वेगळं, तांदूळ वेगळे. मग हे दुकान होतं का देवीचं ठाणं? कोंडाबाईनं धर्मराजला विचारलं. तो म्हणाला, "तांदळाचा भात कर आणि खा."

त्या ठिपक्यांच्या झंपरात वर्षभरात तिघी बाळंत झाल्या. तिघीही सुखरूप. हे कोंडाबाईच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. ध्यानात आलं ते रुक्माबाईच्या.

ही रुक्माबाई कोंडाबाईच्या माहेरगावची. त्याच पाटलाच्या घरची सून, जिथं पन्नास वर्षांपूर्वी गंगव्वानं सूप धरलं होतं. बाजाराच्या दिवशी ती दारात आली, मागं तिची सून अंबुबाई. पोर विशीबाविशीची असेल, सातवा महिना, चेहरा मात्र भिंतीसारखा कोरा. दोघी पायरीच्या खालीच थांबल्या.

"कोंडे, हायस का घरात?"

गावात तिला सगळे असंच हाक मारायचे. कोंडाबाई बाहेर आली. "या की वर. झंपर बगायला आलासा?"

"त्यो ठिपक्याचा पाहिजे."

"घ्या की. म्हैन्याचं भाडं..."

"भाडं नगं," रुक्माबाई म्हणाली.

कोंडाबाईला वाटलं, अडचण असेल. "ऱ्हाऊ दे मग. नंतर द्या."

"अडचण न्हाय गं. पैसं हायती. पर द्यायचं न्हाय." रुक्माबाईनं सुनेला कोपरानं ढोसलं. अंबुबाई पुढं झाली आणि तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला. "मागून न्यायचं हाय."

कोंडाबाई बघतच राहिली. पाटलाच्या घरची सून तिच्या दारात पदर पसरून उभी. तिला आधी वाटलं, थट्टा चालली आहे. मग पोरीचे हात बघितले. खरंच त्यात काही पडायचं असावं तसा पदर खोलगट धरला होता.

"पैलं बाराव्या दिवशी गेलं," रुक्माबाई सांगू लागली. "दुसरं दोन म्हैन्याचं हून गेलं. आता हे तिसरं. भटाला इचारलं, डाक्तरला दावलं. सगळी म्हणत्यात, मागून आणलेलं घाला. पोटात असताना आईच्या अंगाला, आणि जन्मलं की त्याचंच अंगडं करून लेकराला. तुझी तिन्ही जगली. तू सवता कोंड्यावर दिलेली, आमच्या सासूनंच सुपात कोंडा घातलाता. त्या झंपरात तिघी सुटल्या. आणि तुमच्या घरचं असलं म्हंजे..."

इथं रुक्माबाईनं जीभ चावली. पण अर्धं वाक्य गिळलं तरी कोंडाबाईला ते पुरतं ऐकू आलं. तुमच्या घरचं असलं म्हणजे मरणसुद्धा शिवत नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं वा गं वा!" ती कडाडली. "आम्ही मागायचं सोडलं, तवा तुमी मागायला लागलासा व्हय? ह्या हातानं मी पंचवीस वर्सं कुणाकडं मागितलं न्हाय, आणि कुणाला टाकलं बी न्हाय. भाड्यानं न्यायचं तर न्या. मागून मिळायचं न्हाय. जावा!"

रुक्माबाईचं तोंड उतरलं. अंबुबाईनं पदर गोळा केला. जाताना मात्र दोरीवर वाळत असलेल्या त्या झंपराकडं तिनं वळून बघितलं, आणि ते बघणं कोंडाबाईच्या डोळ्यांपुढून दिवसभर हलेना.

आपण बरोबर केलं का चूक, हेच तिला समजेना. शालूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मुळीच देऊ नका. शुद्ध अंधश्रद्धा." हे सांगताना त्यांच्या बाळाच्या कपाळावर रुपयाएवढी काजळाची तीट होती. धर्मराजला विचारलं तर तो तिच्यापेक्षा जास्त तापला. "त्यांच्या लेखी आपण अजून तीच माणसं! ज्यांच्या घरी मरणसुद्धा जाईत न्हाय अशी. फुकट दिलंस तर समद्या गावाची रांग लागंल, पदर पसरून."

"पर पोरगी भ्यालीया रं."

"भ्याली तर भाडं दिऊन न्यावं."

धर्मराजचं सगळं खरं होतं. शालूबाईंचंही खरं होतं. तरी पाणी तापवताना, बाही जोडताना, मधेच कोंडाबाईला आपली आई आठवायची. सुपाखाली हात धरून पाटलाच्या दारात उभी असलेली गंगव्वा. कोंड्यामुळं आपण जगलो असं काही कोंडाबाई मानत नव्हती. पण आईला त्या रात्री झोप लागली असेल, एवढं ती मानत होती. मग त्या झोपेची किंमत काय धरायची? आणि त्या पोरीला नाही म्हणणारी ती कोण? पण हो तरी कशी म्हणणार? डोकं पार पिंजून निघालं.

आणि चौथ्या दिवशी झंपर दोरीवरून गेला.

भर दुपारी, सगळे कपडे जागच्या जागी, नवा कोरा गाऊनसुद्धा तिथंच, आणि गेला तो फक्त जुनेराचा ठिपक्यांचा झंपर. खालच्या दगडावर एक नारळ, हिरवा खण आणि खणावर हळदीकुंकवाची पुडी. कोंडाबाई कमरेवर हात ठेवून त्या नारळाकडं बघत राहिली. चोरी म्हणावी तर चोर ओटी भरून गेला. ओटी म्हणावी तर घरातली वस्तू गेली. अशा चोरीची फिर्याद तरी कुठल्या तोंडानं करायची? धर्मराजला तिनं सांगितलंच नाही. पहिल्यांदाच लेकापासून काही लपवलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती मिरच्या घेत होती. पलीकडं भांड्यांच्या दुकानाशी अंबुबाई उभी, एकटीच. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला, पण हात वर केला तशी पदराखालून हिरव्या ठिपक्यांची बाही दिसली. कोंडाबाईनं मिरच्या तशाच टाकल्या आणि तरातरा गेली. काय काय बोलायचं ते सगळं तोंडाशी आलं होतं. तिला बघताच अंबुबाईनं बाही पदराखाली ओढली. पळायचं तर पोट घेऊन कुठं पळणार?

कोंडाबाईचं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"बगलंत ताटलाय की गं! तसंच घालून फिरतीयास? शीर आखडंल. चल, ढिला करून देतो."

तिचं तिलाच नवल वाटलं. पण इतक्या बायांचे झंपर शिवलेला डोळा, त्याला ताटलेली शिवण दिसली की दुसरं काही दिसतच नाही.

घरी आणून तिनं अंबुबाईला चटईवर बसवलं, अंगावर चादर दिली, झंपर काढून घेतला आणि कुशीची शिवण उसवायला बसली. मग अंबुबाईच बोलली.

"मावशी, मीच नेलो. आत्ती म्हणाल्या, मागून मिळंना तर चोरून आणलेलं बी चालतंय."

"मग नारळ कशाला ठेवलीस?"

"चोरी केल्यागत वाटू ने म्हणून."

कोंडाबाईला हसू आवरेना. "अगं येडे, मग त्यात चोरी कुठं ऱ्हायली?"

"तेच मला बी कळंना झालंय," अंबुबाई म्हणाली, आणि इतके दिवस कोरा असलेला तो चेहरा एकदम फुटला. ती रडली ती अगदी हुंदके देऊन. "ह्यो बी गेला तर मी काय करू ओ? ह्यो गेला तर मला परत घरात घेतील का न्हाय ते बी ठाव न्हाय. पोरगं झालं तर भिकू, पोरगी झाली तर भिकी, आत्तींनी ठरवलंय. मागितलेलं म्हणून. म्हंजे मरणाला वाटंल, भिकेचं हाय, कशाला न्यायचं."

कोंडाबाईच्या हातातली सुई थांबली. वखारीतला मुकादम, शंभर बायांचं ते खिदळणं, पाटीवरची ती कुंदा, सगळं एका दमात आठवलं. अजून जन्मालाही न आलेल्या लेकराच्या कपाळी हे आत्ताच लिहून ठेवलं होतं.

"ऐक," ती म्हणाली. "झंपर तू मागून न्हाय नेलास. चोरून बी न्हाय. भाड्यानं नेलायस. आणि भाडं मी आत्ता सांगतो. जगलं की लेकराला भिकू-बिकू म्हणायचं न्हाय. चांगलं नाव ठेवायचं. हेच भाडं. दुसरं मला काय नगं."

अंबुबाईनं डोळे पुसले. "पर भाड्यानं नेलं म्हंजे मग गुण येतोय का, मावशी?"

"मला काय ठाव गं!" कोंडाबाई वैतागून म्हणाली. "मला ह्यातलं कायबी कळत न्हाय. घाल हात बाहीत."

झंपर आता सैल बसला. अंबुबाईनं दोन्ही हात वर करून बघितलं आणि तशीच गेली.

पुढचे महिने कोंडाबाईनं कुणाला काही विचारलं नाही. माहेरगावचं कुणी बाजारात दिसलं की ती त्याच्या तोंडाकडं बघायची आणि भाव विचारून परत फिरायची. पोरगी झाली, एवढं कानावर आलं. बारावा दिवस तिनं मशीनवर बसून काढला आणि एकही शिवण सरळ घातली नाही. शालूबाईंनी विचारलं, "बरं नाही का?" तर त्यांच्यावरच खेकसली. मग महिना गेला, दुसरा गेला. ना बरी बातमी, ना वाईट.

तिसऱ्या महिन्यात, बाजाराच्याच दिवशी, रुक्माबाई आली. पायरीखाली थांबली नाही. वर आली, न सांगता चटईवर बसली आणि पदराखालचं गाठोडं उलगडलं. मागून अंबुबाई आत आली, अंगानं भरलेली. गाठोड्यात टकाटका बघणारी पोर, आणि पोरीच्या अंगात हिरव्या ठिपक्यांचं अंगडं. ठिपके तेच, शिवण मात्र अगदी वाकडी. कुणी अडाण्यानं शिवलं होतं कुणास ठाऊक, पण कोंडाबाईला ती वाकडी शिवणही त्या वेळी गोड लागली.

"झंपर परत मिळायचा न्हाय आता," रुक्माबाई म्हणाली. "कापला."

"ऱ्हाऊ दे. झंपराचं काय घिऊन बसलासा." कोंडाबाईनं पोरीला मांडीवर घेतलं. "नाव काय ठेवलासा?"

"तूच सांगितलीतास न्हवं अंबूला, चांगलं नाव ठेवायचं म्हणून?" रुक्माबाई पुढं सरकली. "आमी लई इचार केला. देवादिकांची नावं काढली. पैल्या दोघांची देवाचीच हुती, काय उपेग झाला? मग मी म्हणालो, जे नाव जगलंय, ज्या नावानं तीन लेकरं जगवली, ज्या नावानं आमच्या पोरीला झंपर दिला, त्याहून चांगलं नाव कुठलं? तुझंच ठेवलं. कोंडाबाई."

अगं भवान्यांनो, असं कोंडाबाईला ओरडावंसं वाटलं. ज्या नावापासून पोरीला वाचवायला गेलो तेच नाव माझ्या मांडीवर आणून ठेवलंत! पण समोर रुक्माबाई इतक्या कौतुकानं बघत होती, आणि अंबुबाई इतकी हसत होती, की रागाला जागाच उरेना. ह्यांना समजलं नाही, का आपल्यालाच जन्मभर समजलं नव्हतं? भाडं मिळालं म्हणायचं, का बुडालं? डोळ्यांना मात्र धार लागली होती, ती कशाची तेही तिला सांगता आलं नसतं.

"कोंडे," तिनं पोरीला हळूच हाक मारली. ते नाव तिनं स्वतःच्या तोंडानं दुसऱ्या कुणाला आजवर हाक म्हणून मारलं नव्हतं. पोरीनं मान वळवली आणि तिची करंगळी मुठीत धरली.

इतवारी धर्मराज आला तेव्हा पाटी खाली काढून भिंतीला टेकवलेली होती आणि शेजारी रंगाचा डबा होता.

"पैलं नाव पूस," कोंडाबाई म्हणाली, "आणि तिथं कोंडाबाई लिव."

"आई, लोकं हसतील म्हणून सांगितलंतं न्हवं?"

"मला हसली तवा मी ऐकून घेतलं," ती म्हणाली. "आता ते एकटीचं नाव न्हाय. आता कोण हसतंय ते बगतोच मी. लिव मोठ्या अक्षरात."